आधी उजवा कान

तर तो निळा पडदा आला, तिथं आपण काल थांबलो होतो. निळा म्हणजे कसा, तर शाईची दौत पाटीवर उपडी व्हावी तसा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. सबूरमामाने तो पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली, जणू आतून काहीतरी उडी मारून अंगावर येणार होतं. मागे उभ्या भाऊजींनी मात्र चहाचा घोट घेतला.

"काय मेव्हणे, झोपलं वाटतं परत तुमचं बाळ?"

"झोपलं नाही भाऊजी, चक्कर येऊन पडलंय," मामा म्हणाला, आणि तळहाताचा घाम विजारीला पुसला.

जे काल नव्हते त्यांना आधी माणूस कळायला हवा. सबूरमामा म्हणजे म्हाताऱ्या कॉम्प्युटरांचा वैद्य. ज्यांची कंपनी बंद पडली, ज्यांचे भाग मिळत नाहीत, पण ज्यांच्यावाचून एखादं यंत्र हलत नाही, अशा कॉम्प्युटरांना जगवायचं, हा त्याचा धंदा. आणि स्वभावाने कसा, तर ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिणारा. लहानपणी वडील रेडिओ दुरुस्त करायचे, तेव्हा त्याची थोरली बहीण, म्हणजे आपली ताई, या भाऊजींची बायको, पेचकस घेऊन थेट पोट फाडायला निघायची. हा धाकटा तिचा हात धरून विचारायचा, "पण परत लागेल ना?" ताईने खोललेले रेडिओ यानेच परत जोडले. तरी घरात शूर ती आणि भित्रा हा.

सबूर हे नाव पडलं शर्टांच्या कारखान्यात. तिथं कापड कापणारं मोठं यंत्र होतं, आणि त्याला हुकूम देणारा कॉम्प्युटर इतका जुना, की त्याच्यापुढे कारखान्याचा मालक पोरगा वाटावा. मॅनेजर म्हणाले, पडद्यावर 'नवं करू का' असं विचारतंय, तर हो म्हणून टाक. मामा म्हणाला, "सबूर." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा "सबूर". शेवटी मॅनेजरांनी त्याला चहाला पाठवलं आणि स्वतःच हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत त्या यंत्राने नुसत्या एकाच हाताच्या बाह्या कापल्या. गठ्ठेच्या गठ्ठे. तेव्हापासून मॅनेजर त्याला सबूर म्हणू लागले, मग कारखाना, मग सगळं गणगोत. आता त्याचं खरं नाव विचाराल, तर त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागेल.

पण शर्ट वाया गेले तर जातात. आजचं काम शर्टांचं नव्हतं. आजचं काम बारकीच्या कानाचं होतं.

बारकी म्हणजे ताईची मुलगी, मामाची भाची. नाव बारकी, पण आता स्वतः एका पोराची आई. लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेले. मग ऑपरेशन करून डोक्यात आतल्या बाजूला काहीतरी बसवलं, आणि बाहेर, दोन्ही कानांमागे, चिमुकल्या डब्या. डबी आवाज टिपते आणि आत पोचवते. कुठला आवाज किती मोठा पोचवायचा, हे त्या डबीत लिहून ठेवावं लागतं, आणि काही वर्षांनी ते लिखाण पुन्हा नीट लावावं लागतं. हल्ली बारकीच्या डब्या बिघडल्या होत्या. बोलणं ऐकू यायचं ते पत्र्यावर खडी ओतल्यासारखं. डोकं दुखायचं, म्हणून ती डब्या काढून ठेवायची.

आणि मग तो दुपारचा प्रकार घडला. बारकी कपड्यांच्या घड्या घालत होती, पाठ दाराकडे. पिल्लू, म्हणजे तिचा मुलगा, नुकताच चालायला लागलेला. तो खुर्चीवर चढला आणि खुर्चीसकट पडला. ओठ फाटला. त्याने टाहो फोडला, आणि आई त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, शांतपणे चादरीची घडी घालत राहिली. रांगत येऊन त्याने तिची पोटरी धरली, तेव्हा तिने वळून खाली पाहिलं. पोटरीवर रक्ताचा पंजा उमटला होता.

त्या दिवसापासून बारकी पोराकडे पाठ करेना. पाणी प्यायची तरी भिंतीला पाठ लावून.

कानाच्या बाईंकडे, म्हणजे तिच्या डॉक्टरांकडे, डबीत लिहायची सोय होती, पण ती एका जुनाट कॉम्प्युटरवर. डबी करणाऱ्या कंपनीने हा प्रकार कधीच सोडून दिला होता. नव्या कॉम्प्युटरला ही डबी ओळखू येत नाही. नवी डबी लावायची तर डोकं पुन्हा उघडायचं, आणि ते जमेलच याची खात्री नाही. बाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आवाज कसे लावायचे ते मी बघते. मला फक्त तो कॉम्प्युटर उठवून द्या." आणि तो कॉम्प्युटर तर आतून नुसता टक् टक् करत होता, दारावर कोणी नखाने वाजवावं तसा.

मामाने आधी त्याची डिस्क उतरवून घेतली. ही डिस्क फार तर एकदाच बोलेल, मग कायमची मुकी होईल, हे त्याला आवाजावरूनच कळलं होतं. तिच्यातलं सगळं नव्या डिस्कवर उतरेपर्यंत तो टेबलाला चिकटून बसला, तोंडावर हात धरून, जणू त्याच्या श्वासानेही ती बिचकेल. सगळं उतरलं, आणि ती एकदा टक् करून गप्प झाली. मामा म्हणाला, "गेली." बोलताना त्याचा आवाज असा होता, की ताईने घाबरून विचारलं, "कोण?"

आता जुना कॉम्प्युटर तर गेला. उरला त्याचा आत्मा. त्याला नव्या कॉम्प्युटरमध्ये जागा करून द्यायची. याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. म्हणजे कसं, तर झोपलेल्या म्हाताऱ्याला खाटेसकट उचलायचं, नव्या घरात न्यायचं, आणि खोली हुबेहूब जुन्यासारखी लावायची. उशाशी तेच घड्याळ, कोनाड्यात तोच कंदील. म्हातारा उठतो, इकडेतिकडे बघतो आणि जुन्याच घरात असल्यासारखा खोकत कामाला लागतो.

म्हातारा उठलाही. पण डबी आणि कॉम्प्युटर यांच्यामधे बसणारी कंपनीची पेटी जोडली, की तो निळा पडदा.

"ड्रायव्हर बिघडलाय," मामा म्हणाला.

"मग दुसरा ठेवा की," ताई म्हणाली. "ड्रायव्हरांना काय तोटा आहे?"

"ताई, हा गाडीचा नाही. हा दुभाष्या. कॉम्प्युटर एक बोली बोलतो, पेटी दुसरी. मधे हा. आणि ही बोली जाणणारा हा एकच उरलाय."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मामाच्या पाठी तर त्यांचं अख्खं कुटुंब लागलं होतं. कधी वाटे वायर खोटी, कधी वाटे पेटीच जळाली. बाजारातली जोडवायर काढून त्याने भंगारातल्या कॉम्प्युटरचं जुनं कार्ड बसवलं, कारण स्वस्त वायरी मधेच शब्द गिळतात. तरी निळा पडदा. शेवटी त्याच्या लक्षात आलं. नव्या कॉम्प्युटरला मेंदू पुष्कळ, आणि त्याने उदार होऊन म्हाताऱ्याला दोन दिले होते. दुभाष्या मात्र एका मालकाच्या हाताखाली वाढलेला. दोन मालक एकदम हुकूम सोडू लागले, की तो हातातलं ताट टाकून पळायचा. मामाने एक मेंदू काढून घेतला. सगळं संथ झालं, पण पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकला.

या खटपटीत भाऊजींना एक नवं खूळ लागलं. मामा प्रत्येक पायरीआधी त्या खोलीची एक प्रत काढून ठेवायचा. काही बिघडलं, की एक कळ दाबून पुन्हा त्या प्रतीवर. पडलेलं ताट पुन्हा मांडीवर, सांडलेलं पाणी पुन्हा तांब्यात. भाऊजी ते पाहून वेडेच झाले.

"मेव्हणे, ही कळ मला आधी मिळती तर मी लग्नाच्या आदल्या दिवशी परत गेलो असतो."

"जा की," ताई म्हणाली. "मी तुमच्याही आदल्या दिवशी जाऊन बसले असते."

मग भाऊजी दिसेल ते दाबू लागले. "घाबरायचं कशाला? बिघडलं तर मागे फिरवा." मामा नुसता मान हलवायचा. ही कळ कुठपर्यंत पोचते आणि कुठे संपते, हे भाऊजींना सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं. त्याला वाटलं, एवढं तर कुणालाही कळेल. सगळ्या खटपटीत त्याची चूक झाली ती एवढीच.

ठरलेल्या दिवशी बाईंच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत सगळे जमले. भिंतीवर कानाचं मोठं चित्र, आतून गोगलगायीसारखं. खिडकीत पंखा. ताई पिल्लाला घेऊन बाहेरच्या खोलीत बसली. इमारतीची लिफ्ट हलली की ट्यूबलाइट डोळा मिचकावते, हे मामाने आधीच हेरलं होतं. त्याने कॉम्प्युटरला बॅटरी लावली होती, पण बॅटरीवर तरी भरवसा कसा ठेवायचा? म्हणून लिफ्टवाल्याला विनवून, लिफ्टचं दार उघडं ठेवून, आत स्टुलावर बसवलं. जिन्याने चढणारी माणसं त्याला शिव्या घालत होती आणि तो बिचारा "कानाचं काम आहे, कानाचं काम आहे" म्हणत होता.

बारकीच्या उजव्या कानामागच्या डबीतून वायर पेटीत गेली, पेटीतून कॉम्प्युटरात. उजवा कान आधी, कारण तो जास्त बिघडलेला. काही झालंच तर डावा तरी राहील. हे मामाने ठरवलं होतं, आणि सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. लिहिताना मधेच तुटलं तर डबी ना जुनी राहणार, ना नवी होणार. नुसता खुळखुळा.

बाईंनी एकेक आवाज लावला. बारकी बोट वर करून सांगत होती, हा बरा, हा टोचतो. सगळं लागलं. बाई म्हणाल्या, "आता लिहा."

मामाने कळ दाबली. पडद्यावर एक पट्टी भरू लागली. अर्ध्याच्या जरा पुढे गेली आणि थांबली.

थांबली ती थांबलीच. पंखा फिरत होता, पट्टी नाही. बाणही हलेना. बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"अडकलं," भाऊजी म्हणाले. "मागे फिरवा."

"नको."

"अहो प्रत आहे ना. फिरवा मागे, परत करा." आणि त्यांचा हात माउसकडे गेलाही.

ज्याने जन्मात कुणाला धक्का दिला नाही, त्या सबूरमामाने भाऊजींचं मनगट धरलं. असं धरलं, की त्यांच्या घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला.

"भाऊजी, ती प्रत कॉम्प्युटरची आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बारकीच्या कानाची नाही. इथं आपण मागे फिरू, पण डबी मागे फिरणार नाही. ती अर्धी लिहिलेली तशीच राहील."

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. बारकी त्यांची मुलगी. हात कधी मागे घेतला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. इतके दिवस निधड्या छातीने कळा दाबणारा माणूस कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, जणू ते आपणहून उठून काहीतरी करून बसतील.

डावी डबी काढून ठेवलेली आणि उजवी लिखाणात अडकलेली, त्यामुळे बारकीला यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती चेहरे वाचत होती, आणि चेहऱ्यांवर काय लिहिलं होतं ते वाचायला कान लागत नाहीत.

"मामा, काय झालं? गेला का कान?"

मामाला हसून दाखवायचं होतं, ते जमेना. त्याने नुसता हाताचा पंजा वर केला. सबूर. ती लहान होती, ऐकू येईनासं झालं होतं, तेव्हापासून मामाचा हा पंजा तिच्या ओळखीचा. रस्ता ओलांडताना, दूध गरम असताना, हाच पंजा. ती खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसली आणि नजर त्या पंज्यावरून काढेना.

मामा मात्र पडद्याकडे बघतच नव्हता. तो पेटीवरच्या हिरव्या दिव्याकडे बघत होता. बाईंच्या कपाटातल्या एका निकामी डबीवर त्याने आधी हाच प्रयोग करून पाहिला होता. तेव्हाही पट्टी अशीच थिजली होती, पण दिवा लुकलुकत होता. एकाच मेंदूचा म्हातारा, त्याला लिहिणं आणि पट्टी रंगवणं एकदम जमत नाही. तो लिहीत राहतो, पडदा विसरतो. दिवा चालू म्हणजे लिखाण चालू. पण ती डबी मेलेली होती. जिवंत डबीशी तो कसा वागेल, हे कुणाला ठाऊक?

दिवा लुकलुकला. मग बराच वेळ नाही. मामाच्या कानात स्वतःचंच रक्त वाजू लागलं. मग एकदा लुकलुकला. मग पुन्हा बराच वेळ काही नाही. कळ दाबावी, वायर हलवावी, काहीतरी करावं असं अंगातला कण न् कण ओरडत होता. तो काही न करता बसून राहिला. पंजा तसाच वर.

आणि पट्टी एकदम उडी मारून टोकाला गेली. दिवा स्थिर झाला.

बाईंनी चष्मा चढवला, पडदा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि बारकीच्या कानामागची वायर अलगद सोडवली. डबी चालू केली. बारकी डोळे मिटून बसली होती. मग तिची मान दाराकडे वळली. उजवीकडे.

"बाहेर कोण आपटतंय?" ती म्हणाली. "चमचा आहे. स्टीलच्या खुर्चीवर."

बाहेर ताईने पिल्लाला गप्प बसवायला चमचा दिला होता, आणि तो मनापासून खुर्ची बडवत होता. बारकी उठली, दार उघडून थोडी थांबली आणि मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. पुन्हा चमचा वाजला. ती रडतही होती आणि हसतही होती.

भाऊजी कोपऱ्यातून उठले. मांडीखालचे हात बाहेर काढले, डोळे पुसले, आणि माणूस मूळ पदावर आला.

"काय मेव्हणे, पुसा आता घाम. झालं ना? आता तरी गेली का भीती?"

मामा वायरीचं टोक बोटांत धरून उभा होता. आणि तो म्हणाला ते असं:

"सबूर, भाऊजी. लिफ्टवाल्याला म्हणावं, उठू नकोस अजून. डावा कान राहिलाय."