दहा दिवसांची विश्रांती

"दहा दिवस लिही," मॅनेजर म्हणाला.

"तीन पुरे आहेत, गॅफर."

"मी विचारलं नाही, विनय. सांगतोय."

फुटबॉलमध्ये मॅनेजरला सगळे गॅफर म्हणतात. मी इंग्लंडमध्ये, हॅम्पशरमधल्या एका छोट्या क्लबचा फिजिओ. प्रश्न आमच्या गोलकीपर मार्लनच्या दुखावलेल्या करंगळीचा होता. मार्लन सदतीस वर्षांचा, एका छोट्या कॅरिबियन बेटाच्या राष्ट्रीय संघाचा कीपर. देशानं बोलावलं की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. तो अनफिट असल्याचा रिपोर्ट असेल तरच अडवता येतं. रिपोर्टवर सही फिजिओची.

पुढच्या शनिवारी आमची लीगमध्ये टिकून राहण्याची मॅच होती. एवढा लांबचा प्रवास करून दमलेला कीपर गॅफरला नको होता. माझं काँट्रॅक्ट मे महिन्यात संपत होतं, आणि ते वाढवायचं की नाही हे तोच ठरवणार होता. मी दहा दिवस लिहिलं आणि राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरांना ईमेल केला.

मार्लनला सांगितलं तेव्हा तो बोटाकडे बघत राहिला. "देशासाठी माझी शेवटची मॅच होती रे. तीही घरच्या मैदानावर." मग म्हणाला, "पण तू म्हणतोस म्हणजे खरंच असणार."

त्यानं भांडायला हवं होतं. मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बर्फ लावायला आला. "आईला फोन केला. चर्चमधल्या सगळ्या बायकांना घेऊन येणार होती मॅचला. आता त्या माझ्या करंगळीसाठी प्रार्थना करतायत." तो हसला. "फिजिओचं नाव काय, म्हणाली. तुझ्यासाठीही करणार आहे. नाव तीनदा सांगावं लागलं."

माझ्या हातातली बर्फाची पिशवी मी खाली ठेवली.

"मार्लन, तुझं बोट ठीक आहे. टेप लावून तू ती मॅच खेळू शकतोस. मी खोटं लिहिलं."

त्यानं करंगळी वाकवून बघितली. "गॅफरनं लिहायला लावलं?"

हो म्हणून सुटता आलं असतं. "सांगितलं त्यानं. सही माझी आहे."

मार्लननं शिवी दिली. मला दिली, गॅफरला नाही. मग खुर्ची ओढून बसला आणि तोच हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"टेप कर. आणि त्या डॉक्टरला फोन लाव. संध्याकाळची फ्लाइट अजून मिळेल."

दुखरं बोट शेजारच्या चांगल्या बोटाला टेपनं जोडायचं, याला बडी टेपिंग म्हणतात. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी मला पंधरा लागली.

"बायकोसाठी गिफ्ट पॅक करतोयस का?" तो म्हणाला.

डॉक्टरांना फोन केला, नवा रिपोर्ट पाठवला. पहिला चुकीचा होता आणि चूक माझी होती, असं त्यात लिहिलं. मग गॅफरच्या ऑफिसमध्ये जाऊन त्यालाही सांगितलं. त्याचा आवाज कार पार्कपर्यंत ऐकू गेला. क्लबनं मला रिटन वॉर्निंग दिली. ती योग्यच होती, फक्त कारण चुकीचं होतं. वॉर्निंग खरा रिपोर्ट पाठवल्याबद्दल होती.

मार्लनचा संघ एका गोलनं हरला. तो पूर्ण मॅच खेळला. रविवारी फोनवर फोटो आला: टोपी घातलेल्या आठ-दहा बायका, मधोमध तो, आणि त्याचा हात धरून उभी त्याची आई. त्यानंतरच्या शनिवारी तो आमच्यासाठीही खेळला. मॅच बरोबरीत सुटली, आम्ही लीगमध्ये राहिलो. माझं काँट्रॅक्ट मात्र वाढलं नाही.

आता मी बेसिंगस्टोकमध्ये स्वतःचं क्लिनिक चालवतो. मार्लन गोलकीपिंग कोच झालाय. त्याच्या कीपर्सची बोटं तो माझ्याकडेच पाठवतो. माझा रिपोर्ट त्यानं कधीच दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतला नाही. तसं करायचा त्याला हक्क होता. या माणसाचे आभार मानायला मला अजून नीट शब्द सापडलेले नाहीत.

नवीन फिजिओ सल्ला विचारतात तेव्हा एवढंच सांगतो: रिपोर्टमध्ये पेशंटचं दुखणं लिहा, मॅनेजरचं नको.