खरी गोळी कुठली

माझी गर्भपिशवी काढायची ठरली होती. फलटणच्या डॉक्टरांनी ऑपरेशनआधी रक्त तपासायला घेतलं आणि दुसऱ्या दिवशी, ऑपरेशन राहू दे, आधी सांगलीला जाऊन या, म्हणाले. रक्तात दोष निघाला होता. काय दोष, ते त्यांनी माझ्याकडे न बघता आमच्या मालकांना सांगितलं, आणि मालक माझ्याकडे न बघता चपला घालायला लागले.

घरी आल्यावर ते अंगणात उभं राहून म्हणाले, "कावीळ हाय. सी नंबरची."

"आवं, पन माझं डोळं कुठं पिवळं हायत?"

"म्या बी तेच इचारलं. न्हाई हुत म्हनं हिच्यात पिवळं."

पिवळं न करणारी कावीळ मी कधी ऐकली नव्हती. काही दुखत नव्हतं. फक्त थकवा होता, आणि तो पाळीचा म्हणून मी कैक वर्षं सोडून दिला होता. मालक फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला न सांगता स्वतःचंही रक्त तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही. जेवताना म्हणाले, "माझ्याकडनं न्हाई आलं." ते मला दोष देत नव्हते, हे मला कळत होतं. तरी त्या वाक्याचं काय करायचं ते कळेना. आनंद मानायचा, की मान खाली घालायची? मी त्यांच्या ताटात आमटी वाढली.

सांगलीच्या डॉक्टरीण बाई वयानं लहान होत्या. त्यांनी पहिलंच विचारलं, "मावशी, तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का?"

चढवलं होतं. धाकट्याच्या बाळंतपणात, साताऱ्याला. अंगावरून इतकं गेलं होतं की मी वाचत नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं.

"मग बहुतेक तिथूनच. त्या काळी सगळीकडे याची तपासणी होत नव्हती."

"आन् मग इतकी वर्षं कुठं हुतं ते?"

"तुमच्या लिव्हरमध्येच. हळूहळू काम करत होतं."

मग त्यांनी नव्या औषधाची गोष्ट काढली. औषध आधी कुठंकुठं देऊन झालंय, आता आपल्याकडच्या पेशंटना देऊन बघायचंय. काही जणांना खरी गोळी मिळणार, काही जणांना अगदी तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, ते पेशंटला कळणार नाही.

"तुमाला तर ठावं आसंल?" मालकांनी विचारलं.

"मलाही नाही."

मालक माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरलाच माहीत नाही, हे त्यांना पटेना. बाईंनी परत समजावलं. तीन महिन्यांनी पाकिटं उघडणार, ज्यांना खोटी मिळाली त्यांना मग खरी देणार. नको असेल तर नाही म्हणा, नेहमीचं औषध आहे, ते सुरू करू. जबरदस्ती नाही. मी हो म्हटलं. का म्हटलं, ते आजही नीट सांगता येत नाही. बाईंनी दोनदा समजावून सांगितलं होतं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, एवढं एक कारण नक्की.

हो म्हटलेलं कॅमेऱ्यापुढे म्हणायचं होतं. मला सगळं समजलं आहे, असं बोलायचं होतं. मी म्हटलं, "समजलंय. पन गोळी कुठली ते न्हाई समजलं." सिस्टर म्हणाल्या, "तेच समजायचं नाही, मावशी. बरोबर बोललात."

गोळी सकाळी, रोज एकाच वेळेला. मालकांनी ती ड्यूटी स्वतःकडे घेतली. पाण्याचा तांब्या घेऊन ते माझ्यापुढे उभे राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी गोळी जिभेला लावून बघितली.

"आवं, ते काय करताय?"

"खरी आसंल तर कडू लागंल."

"मग?"

"कशीच लागत न्हाई."

पहिला महिना सरतासरता मला भूक लागायला लागली. सकाळी उठताना अंग जड होईना. उसात खुरपायला बायकांबरोबर गेले तर दुपारपर्यंत बसावंसं वाटलं नाही. मालक सगळ्यांना सांगत सुटले, "आमाला खरी मिळाली." मी त्यांना गप्प करत होते, पण मनात माझंही तेच होतं.

त्या उत्साहात मी पाटणकडच्या माझ्या माहेरी गेले. तिथं आता वहिनी एकटीच. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या पोटात पाणी झालं होतं, शेवटी रक्ताच्या उलट्या. गावानं एकच ठरवलं की हा चोरून पीत होता. दादा आईची शपथ घेऊन नाही म्हणायचा, आणि लोक त्याच्यासमोर मान हलवायचे. साताऱ्याला माझ्यासाठी रक्त दिलं होतं ते त्यानंच.

मी वहिनीला सगळं सांगितलं. ही कावीळ, ती वर्षानुवर्षं कशी गप्प राहते, लिव्हर कशी खाते. वहिनी शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले.

"वन्सं, मग ते पीत न्हवतं, आसं डाक्टर लिहून देत्याल का?"

"कुनाला दावायला, वैनी?"

"मलाच."

पुढच्या खेपेला मी डॉक्टरीण बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या भावाला ही कावीळ झालेली असू शकते. पण त्यांनी दिलेली बाटली तुम्हालाच चढवली असं नाही. रक्तपेढीत एक बाटली द्यायची आणि आपल्या गटाची दुसरी घ्यायची, असंही होतं. आता तपासायला काही उरलेलं नाही. "मी नक्की काहीच सांगू शकत नाही, मावशी."

वहिनीला मी फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. मी हे सांगायला नको होतं का, की आधीच जायला नको होतं? का मी "व्हय वैनी, पीत न्हवता" एवढंच म्हणायला हवं होतं? माझा तर दादावर विश्वास होताच. मग माझ्या रक्तात हे त्याच्याकडून आलं असावं असं वाटायचं, कारण मग तो खरा ठरत होता. आणि लगेच वाटायचं, असं कसं वाटून घेते मी.

तीन महिन्यांनी पाकिटं उघडली. मला खोटी गोळी होती.

मालक उभेच राहिले. "मॅडम, हिला भूक लागत हुती. उसात दिवसभर काम करत हुती ही."

"होतं असं," बाई म्हणाल्या. "ते खोटं नव्हतं. पण व्हायरस तेवढाच आहे."

मग खरी सुरू झाली. दिसायला तीच, चवीला तीच. दोन आठवड्यांत डोकं दुखायला लागलं, झोप उडाली, जेवण नकोसं झालं. भांडी घासताना उगीचच डोळ्यांत पाणी यायचं. मालक म्हणायचे, "पयलीच बरी हुती." त्यात एकदा सांगलीहून फोन आला, व्हायरस झपाट्यानं कमी होतोय. मी अंथरुणावर पडून ती बातमी ऐकली. बरं वाटत होतं तेव्हा मी आजारी होते, आणि आता अंग मोडून आलंय तर बरी होतेय. अंगाचं ऐकायचं सोडून दिलं तर माणसानं ऐकायचं कुणाचं?

गोळ्या संपल्यावर पुन्हा तीन महिने वाट बघितली. शेवटच्या तपासणीत व्हायरस सापडला नाही. बाईंनी माझा हात हातात घेतला. मालकांनी त्यांना सॅल्यूट ठोकला, आणि मग स्वतःच लाजले.

थकवा हळूहळू गेला. ऑपरेशनही पुढं होऊन गेलं. गावात काहीजण अजून म्हणतात, हिच्यावर प्रयोग केले.

मध्यंतरी फलटणमध्ये माझे ब्लाउज शिवणाऱ्या भाभी घरी आल्या. त्यांच्याही रक्तात हेच निघालं होतं, आणि त्यांनाही सांगलीत एका औषधाच्या चाचणीबद्दल विचारलं होतं. पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "ताई, घेऊ का? गोळी घेतल्यावर कसं वाटतं?"

मी सगळं क्रमानं सांगितलं. त्या नीट ऐकत होत्या.

"म्हणजे बरं वाटलं तर खोटी समजायची?"

"न्हाई, तसं न्हाई."

"मग तरास झाला तर खरी?"

"तसंबी न्हाई. माझं तसं झालं, एवढंच."

भाभी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. बहुतेक मी त्या कॅमेऱ्याकडे असंच बघितलं असेल. मी विचारलं की सांगलीला बरोबर कोण येणार आहे. कोणी नव्हतं. मग पुढच्या आठवड्यात मीच त्यांच्याबरोबर गेले. दहिवडी सोडल्यावर त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या.