दोन छाटण्यांची बाग

भाऊ गेला तेव्हा श्रावण चालू होता. माझ्याहून धाकटा. दिंडोरीजवळच्या त्याच्या द्राक्षबागेची ऑक्टोबरची छाटणी त्याच्या बायकोनं मजूर लावून एकटीनं करून घेतली. तिच्या चुलतदिरांचं म्हणणं होतं, बाग वाट्यानं देऊन टाक, औषधांचं तुला जमायचं नाही. ती म्हणाली, हा एक हंगाम बघू द्या. घड नीट आले तर बाग तिच्याकडे राहणार होती.

मी नाशिकला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लिहिण्याचं काम करते. कंपनीनं बागायतदारांसाठी एक एआय सहायक केला आहे. फोनवर मराठीत विचारायचं, तो उत्तर देतो. त्यानं मनानं काही सांगू नये म्हणून त्याच्या हाताशी साधनं दिली आहेत: एक हवामान आणून देतं, एक फवारणीचं वेळापत्रक काढतं, एक बागेचं वय सांगतं. कुठलं साधन कधी वापरायचं, हे तो साधनाबरोबर लिहिलेल्या माहितीवरून ठरवतो. ती माहिती मी लिहिते, आधी मराठीत, मग इंग्रजीत. रजा संपल्यावर मी या कामात डोकं घातलं. वाचणाऱ्या सहायकाला आपल्याबद्दल काहीच ठाऊक नाही आणि तो सांत्वनही करणार नाही, याचं त्या दिवसांत बरं वाटायचं.

डिसेंबरात आभाळ भरून आलं, आणि एका सकाळी भावजयीचा फोन आला.

"ताई, तुमच्या सहायकानं माझी द्राक्षं इकून टाकली."

"म्हणजे?"

"म्हणतोय, तोडणी होऊन गेली असंल, आता फवारणीची गरज नाय. इथं मणी ज्वारीएवढे हायेत. कोणी तोडून नेली ते तरी विचारा त्याला."

मला हसू आलं. मग तिचा आवाज उतरला. "खरं सांगा, मारू का औषध? ट्रॅक्टर उभा हाय. हे असते तर इचारावं लागलं नसतं."

ढगाळ हवेत डावणी येते. ही बुरशी घडात शिरली की बागायतदाराला बघत बसण्यापलीकडे काही उरत नाही. मी पुस्तकांत वाढलेली बाई, पण असं आभाळ आलं की भाऊ जेवण अर्धं टाकून बागेत जायचा, हे मी पाहिलं होतं.

"मार," मी म्हणाले. "कुठलं मारायचं ते दुकानदाराला विचार, पण आजचा दिवस सोडू नकोस."

फोन ठेवल्यावर मनात आलं, सांगितलं ते चुकलं तर?

ऑफिसात जाऊन बागेचं वय सांगणारं साधन उघडलं. त्याची माहिती मी कामाला लागण्याआधीची, एकच ओळ: छाटणीपासून किती दिवस झाले ते सांगते. आमच्याकडे द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलची पुढं घड धरणारी काडी तयार व्हावी म्हणून, ऑक्टोबरची फळासाठी. सहायकाच्या नोंदीत एप्रिलची तारीख भावानं घातली होती, ऑक्टोबरची तिनं. सहायकानं पहिली उचलली. छाटणीनंतर चार-साडेचार महिन्यांत तोडणी होते, त्या हिशेबानं बाग केव्हाच रिकामी झाली होती.

शेजारच्या प्रोग्रामरला दाखवलं. तो पिंपळगावकडचा, द्राक्षपट्ट्यातलाच. "अहो मॅडम, या दिवसांत ऑक्टोबरचीच धरायची, हे शेंबडं पोरगंही सांगेल."

"त्या पोराला घरात ऐकून कळतं. याच्या घरात कोण बोलतंय?"

"मग तुम्हीच बोला."

मी लिहायला बसले. भाऊ आणि मी आयुष्यभर अर्ध्या वाक्यांत बोललो. 'छाटणी उरकली की येतो,' एवढंच तो म्हणायचा आणि मी महिना समजून घ्यायची. आता ते सगळं उघड लिहायचं होतं. छाटण्या दोन. घड, मणी, फवारणी किंवा तोडणीबद्दल विचारलं असेल तर ऑक्टोबरच्या छाटणीपासून मोजा. काडीबद्दल विचारलं असेल तर एप्रिलच्या. हवी ती तारीख नोंदीत नसेल तर दुसरी वापरू नका, बागायतदाराला विचारा. प्रत्येकाखाली एकेक उदाहरण दिलं.

दुपारी भावजयीचाच प्रश्न पुन्हा टाकला. उत्तर आलं: मणी वाढतो आहे, हवा ढगाळ आहे, डावणीचा धोका आहे, फवारणी टाळू नका. मग ऑक्टोबरची तारीख नसलेली एक बाग दिली. त्यानं अंदाज केला नाही. 'फळछाटणी कधी केली?' असं विचारलं. मी खुर्चीत मागे टेकले. तिला फोन लावला तर फवारणीच्या ब्लोअरच्या आवाजात ती ओरडली, "अर्धी बाग झाली, ताई!"

नंतरच्या रविवारी मी दिंडोरीला गेले. चुलतदीर आधीच बागेत होते. पानं उलटून बघत, घड हातात धरून सोडत ते चार-पाच ओळी फिरले. आम्ही दोघी मागोमाग.

"स्वच्छ हाय," ते म्हणाले. मग, तिच्याकडे न बघता, "तोडणीला माणसं कमी पडली तर सांग."

"सांगते की, भाऊजी," ती म्हणाली, आणि माझा हात तिनं इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.