सुईणबाईंचे गार हात

थंडी पडायला लागली की कानसेन मिस्त्री सकाळी गॅरेजचं शटर अर्धंच वर करायचे. धुकं आत येऊ नये म्हणून. ते तरी यायचंच. जमिनीलगत सरकत यायचं आणि उभ्या गाड्यांच्या चाकांशी रेंगाळायचं. मिस्त्री चहाचा पेला दोन्ही हातांत धरून स्टुलावर बसायचे आणि कुठल्याच गोष्टीचा विचार करायचे नाहीत. चाळीस वर्षं या कामात गेली होती, पण हा अर्धा तास अजून त्यांचा स्वतःचा होता.

कानसेन हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत नुसत्या आवाजावरून ते तिचं दुखणं सांगायचे. बायको म्हणायची, "इंजिनाचं सगळं ऐकू येतं, माझं तेवढं येत नाही." त्यावर ते काही ऐकलंच नाही असा चेहरा करायचे.

त्या दिवशी धुक्यातून सुईणबाईंची जुनी निळी गाडी आली. बाई पन्नाशीच्या. आसपासच्या पाच-सहा गावांतली बाळंतपणं त्याच करायच्या, आणि बाळांना म्हणे भल्या पहाटेच यायची हौस. हात काखेत धरूनच त्या उतरल्या.

"मिस्त्री, ही गाडी ऊब धरत नाही हो. तास तास चालवली तरी तापमानाचा काटा आपला तळाशी लोळतोय. हीटर लावावा तर गार वारं. जुनी झालीय, चालायचंच, म्हणून इतके दिवस बोलले नाही. पण काल बाळ हातात घेतलं तर असं किंचाळलं! त्याची आजी म्हणाली, बाई, हात आहेत का बर्फ?"

मिस्त्रींनी इंजिनाला कान लावला. खडखड नाही, शिट्टी नाही. गुणी पोरासारखं चालत होतं ते.

"आवाजात तर काही नाही," ते जरा चाचरतच म्हणाले.

"आवाजाची तक्रार कुठे केलीय मी?"

मिस्त्री वरमले. "संध्याकाळपर्यंत ठेवा. पूर्ण गार झाल्याशिवाय कळायचं नाही." बाई चालत दवाखान्याकडे निघून गेल्या.

दुपारी मिस्त्रींनी बोनेट उघडलं, गाडी चालू केली आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपवर तळहात ठेवला. डोळे मिटले. या वाटेवर एक छोटा दरवाजा असतो, थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत तो बंद राहतो आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. म्हणजे हा पाइप बराच वेळ थंड राहायला हवा, आणि मग एकदम गरम व्हायला हवा. पण दोनच मिनिटांत तो कोमट झाला. हाताखाली पाणी सावकाश वाहत होतं. तापायच्या आधीच फिरायला निघालेलं. दरवाजा उघडाच अडकलाय, त्यांनी ताडलं. डोळे मात्र लगेच उघडले नाहीत. ती ऊब त्यांना सोडवेना.

इंजिन निवल्यावर त्यांनी कूलंटचं पाणी काढलं, दोन बोल्ट सोडवले, झाकण उचललं. आत काहीच नव्हतं. थर्मोस्टॅटची जागा दात पडलेल्या हिरडीसारखी रिकामी.

आणि मग त्यांना आठवलं. नऊ वर्षांपूर्वीचा उन्हाळा. चढावर गाडी उकळली होती. थर्मोस्टॅट बंदच अडकलेला, तो काढून टाकला होता त्यांनीच. "नवा आला की बसवू. तोवर असंच चालेल." मिस्त्री फळीपाशी गेले, मागचे डबे हलवले. धुळीत खोकं होतं. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: निळी गाडी.

एवढी वर्षं पडून राहिलेला थर्मोस्टॅट चालतो की नाही, हे बघायलाच हवं होतं. गॅरेजच्या मागेच घर. ते सरळ स्वयंपाकघरात शिरले.

"माझ्या दुधाच्या पातेल्यात? खबरदार!" बायकोने हात आडवा केला आणि एक पोचे पडलेलं भांडं पुढे केलं.

दोऱ्याला बांधलेला थर्मोस्टॅट पाण्यात सोडून दोघं शेगडीवर वाकले. वाफेने मिस्त्रींचा चष्मा झाकोळला. तळातून बुडबुडे सुटू लागले. मग, पाणी उकळायच्या थोडंसं आधी, झोपलेल्याने एक डोळा किलकिला करावा तशी त्या चकतीत फट पडली.

"उघडलं!" बायको कुजबुजली. जणू मोठ्याने बोललं तर मिटेल.

त्यांनी तो बाहेर काढला, निवू दिला, पुन्हा सोडला. एकदा पाहून भागलं असतं. तीनदा पाहिलं.

तिसऱ्यांदा मिस्त्रींनी तिला खोक्याची गोष्ट सांगितली. "म्हणू का, कुणीतरी काढला असेल म्हणून?"

"म्हणा की," ती गॅस बंद करत म्हणाली. "पण मग दर वेळी त्यांच्या हातांकडे बघावं लागेल."

संध्याकाळी सुईणबाई आल्या, तेव्हा नवा थर्मोस्टॅट बसला होता, कूलंट भरून पाइपांतली हवाही काढून झाली होती. मिस्त्रींनी हात पुसले, पुसलेले परत पुसले.

"बाई, तो मीच काढला होता. नऊ वर्षांपूर्वी. बसवायचा राहिला."

"नऊ हिवाळ्यांत किती बाळं झाली असतील, मिस्त्री?"

"खूप."

"सगळी मला बघून रडली."

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"बसा आत," बाई म्हणाल्या. "काटा दाखवा मला."

गावाबाहेरचा रस्ता मोकळा होता. शेतांवर पुन्हा धुकं उतरत होतं आणि उरलेल्या उजेडात झाडं तरंगल्यासारखी दिसत होती. काटा हलला. चढला, मध्यावर आला, तिथेच थांबला. पायांवर उबदार वारं आलं. बाईंनी एक हात जाळीसमोर धरला, मग दुसरा. खांदे सैल झाले त्यांचे.

मिस्त्री इंजिन ऐकत होते. हळूहळू तो आवाज दूर गेला, पाण्याखालून यावा तसा येऊ लागला, आणि मग त्यांना तो ऐकूच येईना.

गाडी गॅरेजसमोर आली तेव्हा त्यांची मान खिडकीला टेकली होती, तोंड किंचित उघडं. बायको दारात आली. सुईणबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि गाडी आणखी एका फेरीसाठी वळवली.