डांबराखालची माती

हॉकेनहाइमचा मोटारींचा जुना शर्यतमार्ग अरण्यात सरळ शिरत असे आणि अरण्यातूनच परतत असे. २००२ साली तो आखूड करण्यात आला. वनातले लांब पट्टे उखडले गेले आणि तेथे झाडे लावायचे ठरले. त्या निर्णयाविषयी मला आजही बरे बोलता येत नाही. मोकळ्या वेगाचे पाय कापायचे आणि त्याला सुधारणा म्हणायचे, अशी हल्ली रीतच पडली आहे. तरीही शर्यतींचा माझ्याइतकाच वेडा असलेला माझा मित्र देवदत्त याच्या पत्नीला जर्मनीतली पहिली नोकरी त्याच उखडलेल्या जमिनीने दिली, हे नमूद केलेच पाहिजे.

ऊर्मिलावहिनी राहुरीच्या कृषी पदवीधर. ती पदवी इथे मान्य व्हावी म्हणून त्यांना कित्येक वर्षे या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवण्यात आले. अखेर रोपे लावणाऱ्या एका लहानशा कंपनीने त्यांना ठेवून घेतले, तेही तात्पुरते.

"माझा ट्रॅक खणायला माझीच बायको!" देवदत्त हळहळे.

"अहो, रडायचं तर तिथे येऊन रडा. तेवढंच रोपांना पाणी."

डांबराखालची जमीन दगडासारखी दबलेली होती. वर नवी माती पसरली की झाले, असे सर्वांचे मत होते. मुळांना खाली वाट मिळावी म्हणून वहिनींनी ती खोलवर फोडून घेतली. उशीर झाल्याबद्दल बोलणीही खाल्ली. पुढच्याच उन्हाळ्यात पावसाने पाठ फिरवली आणि ऑगस्टात ओकच्या रोपांच्या काड्या झाल्या.

"तर मग, फ्राऊ सोमण," त्यांचे वरिष्ठ लाम्ब्रेश्टसाहेब म्हणाले, "सगळी उपटू या."

वहिनींनी एका रोपाची साल बुडाशी नखाने खरवडली. आत ओलसर हिरवी रेघ होती.

"वसंतापर्यंत थांबा."

"आणि नाही फुटली तर?"

"तर मलाही उपटा."

साहेबांनी हे शब्दशः मान्य केले. अशा वेळी माणसे फार तत्पर असतात.

हिवाळाभर वहिनींच्या घरी जेवायला बसले की तोच विषय. "हिरवं दिसलं खरं, पण गोठून गेलं असेल तर? पुन्हा त्या खिडक्यांपुढे उभं राहायचं त्राण नाही हो माझ्यात."

एप्रिलमध्ये पाहणीच्या दिवशी देवदत्त आणि मी कुंपणापाशी थांबलो होतो. दुरून सगळे वाळलेलेच दिसत होते. वहिनी चिखलात गुडघे टेकून वाकल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. देवदत्तने माझा दंड घट्ट धरला. मग लाम्ब्रेश्टसाहेबही वाकले. शेंडे मेले होते. बुडातून मात्र तांबूस कोंब वर आले होते, एका रोपाला, शेजारच्याला, ओळीने पुढेही.

कौतुकाचा शब्द साहेबांच्या तोंडून निघाला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "उरलेला पट्टा शरदात घ्याल ना? आता कायमच्या नोकरीवर."

"हो, घेते की!" वहिनी चक्क मराठीत म्हणाल्या.

साहेबांना ते कळले असावे. देवदत्तने माझा दंड सोडला.