मेलेल्या बाईच्या ओव्या

परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी एक झकपक उपाहारगृह आहे. परवा भाचीची मुलगी मला हौसेने तिथे घेऊन गेली. बसायला मऊ गाद्या, भिंतीवर जुन्या मुंबईचे फोटो, आणि कोपऱ्यातल्या फळीवर एक रेडिओ. लाकडी पेटी, तोंडावर विणीचं पिवळट कापड, खाली दोन जाडजूड बटणं. आत कुणीतरी शोभेचा दिवा बसवला होता. त्या दिव्याच्या धगीने कापडावरची धूळ तापली होती आणि तिचा किंचित करपट, गोडसर वास माझ्यापर्यंत येत होता. जुन्या रेडिओतले दिवे तापायला लागले की अगदी हाच वास यायचा. आवाज यायच्या आधी तो यायचा. मी नकळत उठले आणि बटणाला हात लावला. वेटर लगबगीने आला. "आज्जी, तो चालू नाहीये हां. शोसाठी ठेवलाय. आत काहीच नाही."

जुना रेडिओ पाहिला की माझ्या वयाच्या लोकांना गहिवरून येतं. पहाटेची सनई, भजनं, कामगारांसाठीचे कार्यक्रम, इराण्याच्या हॉटेलाबाहेर गाणं संपेपर्यंत रेंगाळणारी माणसं, असं बरंच काही त्यांना आठवतं. मलाही आठवतं. पण माझ्या मनात आधी जागा होतो तो राग. चांगला मुरलेला, लोणच्यासारखा. बरणी उघडली की अजून तोंडाला पाणी सुटतं.

हा राग मूळचा माझा नव्हे, माझ्या आत्याचा. तिचं लग्न कोकणातल्या एका मॅट्रिक झालेल्या मुलाशी झालं होतं. त्याला मुंबईत कारकुनी मिळाली आणि तो निघून गेला. "बिऱ्हाड मिळालं की नेतो" म्हणाला. आत्या सासूसासऱ्यांचं करत राहिली. पहाटे जात्यावर बसली की गायची. तिचा आवाज जाडसर, खोल, थोडा खरखरीत होता. ओल्या मातीत नांगराचा फाळ जावा तसा तो ऐकणाऱ्याच्या आत जात असे. सुट्टीवर आलेला नवरा एकदा चारचौघांत म्हणाला होता, "हिचा आवाज गोठ्यातच बरा. माझ्या मुंबईच्या मित्रांसमोर हिने तोंड उघडलं तर मी काय सांगू?" बिऱ्हाड त्याला कधी मिळालंच नाही. पुढे सासूसासरे गेले, दिरांनी घराचं दार लावून घेतलं, आणि आत्या लालबागला आमच्या चाळीत, आपल्या भावाकडे आली. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. एका खोलीत आम्ही इतकी माणसं होतो, की एक वाढलं तरी फरक पडला नाही.

नवरा गिरगावात राहतो हे तिला ठाऊक होतं. त्याने तिथे दुसरं लग्न केलंय हे मात्र आईच्या मावसबहिणीकडून कळलं. ही मावशी त्याच्याच चाळीत, त्याच्याच मजल्यावर राहायची, आणि ती आणखी एक गोष्ट सांगून गेली. दुसरं लग्न हा तेव्हा कायद्याने गुन्हा झाला होता. म्हणून नव्या सासऱ्याला त्याने सांगितलं होतं की पहिली बायको गावच्या विहिरीत पाय घसरून बुडाली. सांगताना डोळ्यांना रुमालही लावला होता म्हणे.

आत्या तेव्हा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. वडील मात्र ताडकन उठले. "चल, आत्ताच्या आत्ता पोलिसात जाऊ."

"नको," आत्या म्हणाली. "पोलिस तेका आत टाकतीत. माका तेका भायर काढूचो आसा."

बाहेर काढायचं म्हणजे काय, हे आम्हाला कळलं नाही. तिलाही तेव्हा कळलं असेल असं वाटत नाही. पण त्या दिवसापासून तिने कपाळावरचं कुंकू मोठं केलं.

त्या काळी रेडिओवरचं बरंचसं गाणं जिवंत असायचं. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. गायक तिकडे बंद खोलीत तंबोऱ्याला टेकून 'सा' लावायचा, आणि त्याच क्षणी तो इकडे आपल्या गॅलरीत उमटायचा. मधे कुणी नाही. पुसायचं, कापायचं, पुन्हा घ्यायचं काही नाही. बाजाच्या पेटीला, हार्मोनियमला, तर रेडिओवर मज्जावच होता, त्यामुळे सुराला आधार तोही नाही. तोंडातून निघालेला शब्द परत घेता येत नाही असं आपण म्हणतो. पण रेडिओवर निघालेला शब्द एकाच वेळी हजार घरांत शिरून बसायचा. मला अजूनही वाटतं, त्या यंत्राचा खरा धाक लोकांना कळलाच नाही. त्यांनी त्याला करमणूक म्हटलं.

एका लग्नात, हळदीच्या दिवशी, आमच्या चाळीच्या बायका जात्याभोवती ओव्या गात बसल्या होत्या. नवऱ्यामुलीच्या ओळखीने रेडिओवर काम करणारी एक बाई तिथे आली होती. स्त्रियांच्या कार्यक्रमासाठी ती अशी गाणी शोधत हिंडायची. आत्याचा आवाज ऐकून ती पाट सोडून उठली आणि दळण संपेपर्यंत उभीच राहिली. मग चाचणीसाठी बोलावणं आलं, चाचणी पार पडली, आणि कार्यक्रमाचा रविवार ठरला. त्या बाईने विचारलं, "नाव काय सांगायचं?"

आत्याने सांगितलं. सासरी ठेवलेलं तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि सासरचं गाव कुठलं तेही. शेवटी म्हणाली, "आणि पुढे 'सौभाग्यवती' म्हणा. अर्धं 'सौ' नको. पूर्ण."

घरी आल्यावर तिने मला जवळ बोलावलं. मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात होते, आगाऊ होते, आणि पाहिलेलं जसंच्या तसं सांगायची मला हौस होती. "तू आयेबरोबर गिरगावाक जा," ती म्हणाली. "तेचा तोंड कसा होता ता नीट बघ. माका सांग."

गिरगावच्या त्या चाळीत रेडिओ होता तो फक्त आत्याच्या नवऱ्याकडे. रविवारी तो खिडकीत ठेवून आवाज मोठा करायचा. शेजाऱ्यांना ऐकायला मिळायचं आणि त्याला मिरवायला मिळायचं. आम्ही मावशीकडे पाहुण्या म्हणून गेलो. आईचं लग्न आत्याच्या लग्नानंतरचं, त्यामुळे त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. मला ओळखायचा तर प्रश्नच नव्हता. गॅलरीत बायका वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्याचा सासरा जेवायला आलेला, पान लावत आरामखुर्चीत बसला होता. नवी बायको म्हणजे पोरच होती, माझ्या मोठ्या बहिणीएवढी; काखेत तान्हं मूल. आणि तो. गोरटेला, केस चापून बसवलेला, मलमलीच्या सदऱ्यातला. मला तो देखणा वाटला आणि त्याबद्दल त्याचा आणखीच राग आला.

रेडिओ तापला. तो वास आला. मग निवेदिकेचा स्वच्छ, मृदू आवाज: "आता ऐकू या जात्यावरच्या ओव्या. गात आहेत सौभाग्यवती," आणि पुढे ते पूर्ण नाव. आणि गाव.

मी त्याच्या तोंडावरून नजर हलवली नव्हती. आधी तिथे काहीच झालं नाही. मग ओठ किंचित सुटले, जणू कुणी हाक मारली आणि सवयीने ओ द्यायला निघाला. मग कानांच्या पाळ्या पांढऱ्या झाल्या. त्याचा हात बटणाकडे गेला.

"राहू द्या," सासरा म्हणाला. त्याने पान खाली ठेवलं होतं. "ऐकू द्या."

आणि मग त्या गॅलरीत माझ्या आत्याचा आवाज आला. गोठ्यात शोभणारा. तंबोऱ्याखेरीज कसलीही साथ नाही, फक्त मागे जात्याची घरघर. वाटाणे सोलणारे हात थांबले. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. देवाच्या ओव्या झाल्या, भावाच्या झाल्या, आणि शेवटी तिने एक ओवी घातली, जी तालमीत नव्हती, कुठल्याच जात्यावर याआधी कुणी गायली नव्हती:

शेवटली माझी ओवी गं गावच्या विहिरीला,
बुडाली म्हणती तीच आली पाणी भरायला.

"जावईबापू," सासरा अगदी हळू आवाजात म्हणाला, "हे गाव तुमचंच ना?"

"एका नावाची माणसं असतात," तो म्हणाला. "योगायोग."

माझी आई जन्मात कधी परक्या पुरुषासमोर बोलली नव्हती. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "योगायोग नाही. ती माझी नणंद. लालबागला असते. धडधाकट आहे." मग माझा हात धरून ती जिना उतरली. ट्रामची वाट बघत उभ्या होतो तेव्हा ती मधूनच स्वतःशी हसत होती.

घरी आत्या आमच्या आधी येऊन बसली होती. "सांग," म्हणाली. मी सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. कानाच्या पाळ्यांपाशी प्रत्येक वेळी थांबवून विचारी, "पांढरे? नक्की पांढरे?" मग ती उठली आणि बांगड्याच्या तिकल्याच्या झणझणीत कालवणाबरोबर एवढा भात जेवली, की वडील बघतच राहिले. सूड घेतल्यावर माणूस आतून पोखरून निघतो, त्याला रितं वाटतं, असं मी पुढे पुस्तकांत पुष्कळ वाचलं. लिहिणाऱ्यांनी माझ्या आत्याला जेवताना पाहायला हवं होतं.

दोनचार दिवसांनी संध्याकाळी तो आला. दारात उभा राहिला. सासरा मुलीला आणि नातवाला घेऊन गेला होता, पोलिसांत जायची भाषा करत होता. आत्या चुलीपाशी बसली होती, ती वळलीसुद्धा नाही.

"मेलेल्या बायलेकडे कशाक इलंस? पिंड घालूक?"

नवऱ्याला एकेरी बोललेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. सगळी चाळ जिन्यावर येऊन बसली होती. तो गयावया करू लागला. तिने फक्त एवढंच सांगावं की नाव सांगण्यात रेडिओवाल्यांची चूक झाली. "तू माझा संसार मोडलास," तो शेवटी ओरडला.

"खयचो?" आत्याने विचारलं. "माझो, की तिचो?"

त्याने आवाज खाली आणला. "तुला पाहिजे काय?"

"माका कायएक नको. मी खोटा बोलूचंय नाय. आणि लोकांनी इचारल्यार तू पण खरा सांग."

तो गेला. जाताना जिन्यावर बसलेल्या प्रत्येकाने पाय आखडून त्याला वाट करून दिली. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. त्या वाट देण्यात केवढा मार होता!

मग ती मुलगी आली, मूल घेऊन, एकटी, भर दुपारी. तिचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा करायचाही नव्हता. "ताई, मला माहीत नव्हतं हो," एवढं बोलून ती रडायला लागली. आत्याने तिला पाणी दिलं. जवळ घेतलं नाही, मूलही घेतलं नाही. "तुझ्यावर माझो राग नाय," म्हणाली, "पण माया आसा असापण सांगूचंय नाय." ती मुलगी डोळे पुसत उठली आणि उंबऱ्याशी थबकून म्हणाली, "ते नाव वगैरे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं आधी. मी नुसती ऐकत होते. इतकं सुंदर गाणं मी ऐकलं नव्हतं कधी." आत्याचा चेहरा तेव्हा जो हलला, तो नवऱ्याच्या सगळ्या गयावयांनी हलला नव्हता.

पुढे ती मुलगी त्याच्याकडेच परत गेली. मुलाला घेऊन दुसरीकडे जाणार कुठे? पोलिसबिलिस काही आले नाहीत. ते गिरगाव सोडून दूर उपनगरात राहायला गेले, आणि तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. म्हणजे त्याला काय झालं? काही वर्षांची मान खाली, एवढंच. मला ते फार कमी वाटलं. अजून वाटतं.

आत्याला रेडिओवर पुन्हा बोलावणं आलं. त्या बाईने विचारलं, "मागचंच नाव सांगू ना?" आत्या म्हणाली, "नको. त्या नावाचं काम झालं." तिने आईवडिलांनी ठेवलेलं आपलं माहेरचं नाव सांगितलं आणि पुढची कितीतरी वर्षं त्याच नावाने ती गात राहिली. मी म्हणूनच ते सासरचं नाव इथे लिहिलेलं नाही. त्या ओव्यांची ध्वनिफीत कुठे नाही. कुणी ठेवलीच नव्हती.

बऱ्याच वर्षांनी दादरला एका लग्नात आत्याचा नवरा मला भेटला. पिकलेला, काठी टेकत चालणारा. कुणीतरी ओळख करून दिली तेव्हा तो दचकला, मग खालच्या आवाजात म्हणाला, "गातात अजून. ऐकतो मी. प्रत्येक वेळी ऐकतो." मी पाठ फिरवली. घरी येऊन विजयाच्या थाटात आत्याला ते सांगितलं. वाटलं, ती पुन्हा हसेल, पुन्हा पोटभर जेवेल. ती कोथिंबीर निवडत होती. चिंतेने म्हणाली, "श्रावणात माझो गळो बसलेलो. ता पण ऐकला असतला मेल्यान."

तेवढंच. तिला आपल्या बसलेल्या गळ्याची लाज वाटली. बाकी त्याचं तिच्यात काही उरलं नव्हतं. काळ राग विझवतो असं म्हणतात, पण मला नाही वाटत ते काळाचं काम असावं. तिच्यापाशी रागापेक्षा मोठं काहीतरी होतं. राग त्यात केव्हा विरघळला हे तिलाही कळलं नसेल. तो मेला, आत्याही गेली. मी मात्र त्या माणसाला अजून माफ केलेलं नाही. मला गाता येत नाही.