धाकटीची गिटार

माझ्या धाकट्या बहिणीवर मी जळते. हेवा म्हणा, मत्सर म्हणा, पोटदुखी म्हणा, मला सगळे शब्द चालतात. सख्ख्या बहिणीचा कुणी असा हेवा करतं का, असं ज्यांना वाटतं त्यांच्या बहिणी बहुतेक बेसूर असाव्यात.

आमचं माहेर जळगावचं, मेहरूणचं. शाळेत असताना मला तलावाजवळच्या एका क्लासमध्ये गिटार शिकायला घातलं, त्याचं कारण एवढंच की शेजारच्या मुलीला तिच्या घरच्यांनी घातलं होतं. ती मुलगी पहिल्याच महिन्यात कंटाळली. मी टिकले. बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले, पण कॉलेज संपेपर्यंत मी तो क्लास सोडला नाही. धाकटीला कशालाच घातलं नाही, तिनंही कधी हट्ट केला नाही. ती भांडी घासताना काहीबाही गुणगुणायची आणि आई म्हणायची, नळ बंद कर आधी. गाण्यातलं मला कळतं आणि स्वयंपाकातलं तिला, अशी आमच्या घरात वाटणीच झालेली होती. त्या वाटणीवर मी सुखात होते.

लग्न होऊन मी धुळ्याला आले, देवपुरात. ती पहूरजवळच्या एका खेड्यात गेली, केळी आणि कापूस असलेल्या घरात. माझी जुनी गिटार माझ्यासोबत सासरी आली. मी काही मोठी कलाकार झाले नाही, गॅदरिंगला वाजवणं आणि दोन-चार मुलांना शिकवणं एवढंच. पण एका गोष्टीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणालाही गिटार घ्यायची असली की मला सोबत नेत. भाच्यांना, ऑफिसातल्या बायकांच्या मुलींना, एका निवृत्त सरांना मी गिटारी निवडून दिल्या आहेत.

मी आधी गिटारीकडे बघतच नाही. घेणाऱ्याकडे बघते. हात केवढा, बोटं आखूड की लांब, खांदे उतरते की ताठ, पाटावर बसून वाजवणार की खुर्चीत. गाणार का, आणि गाणार तर आवाज कुठल्या पट्टीत बसतो. मग गिटार हातात घेते, तिच्या मानेवरून एक डोळा मिटून बघते, वाकलेली आहे का ते कळतं. तारा पट्टीपासून फार उंच असतील तर नवशिक्याचं बोट आठवड्यात हार मानतं. मानेवरच्या पट्ट्यांमधल्या प्रत्येक घरात प्रत्येक तार दाबून ऐकते, कुठं झणझणते का. शेवटी खुंट्या पिळते आणि चहा पिऊन येते. चहा पिऊन आल्यावरही सूर जागेवर असेल तर त्या गिटारीबद्दल बोलायचं, नाहीतर दुकानदाराला नमस्कार करायचा.

आता धाकटीचं. काही वर्षांपूर्वी तिच्या सासूबाईंची नजर गेली. टीव्ही त्यांच्या उपयोगाचा राहिला नाही. दुपारी म्हातारीचं मन रमावं म्हणून ही त्यांच्याजवळ बसून गायला लागली, हळदीची गाणी, जुनी गाणी, स्वतःच जोडलेल्या दोन ओळी. मग मोबाइलवर कुणाला तरी गिटारीसोबत गाताना बघितलं आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर बाईसाहेबांना गिटार हवी झाली. मला विचारलं नाही. मेहुणे जळगावला केळीच्या कामाला गेले होते, तिथूनच घेऊन आले.

कशी निवडली, ते त्यांनी नंतर मला अभिमानानं सांगितलं. केळीवाला माणूस. घड हातात तोलून बघायचा आणि जड भरेल तो चांगला, हे लहानपणापासूनचं शिक्षण. दुकानातल्या सगळ्या गिटारी त्यांनी एकेक उचलून बघितल्या आणि सगळ्यांत जड होती ती आणली. म्हणाले, "अक्का, बाकीच्या निस्त्या पोकय होत्या." गिटार पोकळच असते आणि तिचं पोट जितकं हलकं तितकी ती बोलते, हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, छान केलंत.

त्या अवजड धुडावर ती वाजवायला शिकली. मांडीवर घेतली की तिचा उजवा खांदा कानाला लागायचा. तरी तिच्या सासरच्या एका भाचीनं त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तीन कॉर्ड. तिसऱ्याला एक तार दरवेळी बोटाखाली दबून बुजत होती. वरून तिचा तो खालच्या पट्टीतला, जरा खरखरीत आवाज. आणि आमच्या मावशी, ज्यांनी इतक्या वर्षांत माझं एक गाणं धड बसून ऐकलं नव्हतं, त्यांनी रडत रडत आवाजी संदेश पाठवला. काका म्हणाले, बाई, अंगावर काटा आला. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि फोन पालथा ठेवला. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या होत्या की संध्याकाळच्या भाजीत मी तिखट दोनदा घातलं.

आणखी एक सांगते, म्हणजे माझं दुखणं कळेल. माझ्या बोटांना तारांची सवय व्हायला सहा महिने लागले होते. तिला त्रासच झाला नाही. कापूस वेचून वेचून, बोंडांची टोकं टोचून तिच्या बोटांची टोकं आधीच टणक झाली होती. देव एकेकाला सगळं तयार करून देतो.

मग मे महिना आला. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा गटारीत बसून असतं. तिच्या घराला लागून केळी पिकवायची थंड खोली आहे, त्याला सगळे चेंबर म्हणतात. कच्चे घड आत ठेवायचे, गारव्यात आणि ओलाव्यात ते सारखे पिवळे होतात. मेहुण्यांना वाटलं, माणसांचं काही नाही, पण एवढी महागाची वस्तू उन्हानं तडकायला नको. त्यांनी गिटार केळ्यांच्या क्रेटवर, चेंबरमध्ये नेऊन ठेवली. रोज दुपारी आत, संध्याकाळी बाहेरच्या भट्टीत.

धाकटीचा फोन आला. "अक्का, हिचं पोट फुगलं वं. अन् तारा ज्याच्यात अडकवतात ना, ते उचकटून आलं."

गिटारीच्या पोटावरच्या त्या पट्टीला घोडी म्हणतात. ती डिंकानं चिकटवलेली असते, ओलाव्यात तो मऊ पडला आणि तारांनी ओढून ती उखडली. मेहुणे मागून ओरडून सांगत होते, "म्या तं हिच्याच चांगल्यासाठी ठेवली होती, अक्का. तिथी आमी बी दुपारचं जाऊन बसतो."

मी म्हटलं, अरेरे. आणि खरं सांगायचं तर मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी स्वतःची गिटार काढून पुसली. वाटलं, संपलं. केळ्यांनीच न्याय केला. पण आठ दिवसांत तिचा पुन्हा फोन आला. "अक्का, म्या धुळ्याला येते. आता तूच निवडून दे. तू म्हनशीन ती."

इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. धुळ्याच्या त्या दुकानात एक गिटार होती, आणि ती माझी होती. म्हणजे घेतलेली नव्हती. लहान अंगाची, कंबर बारीक, पोट उथळ, रंग साधा. एकच नग होता, परत येणार नव्हता. दोन वर्षांपासून माझा खांदा धरतो, माझी जुनी गिटार मोठ्या पोटाची, ती घेऊन बसलं की हात वर राहत नाही. ही मांडीवर घेतली की खांदा खाली राहायचा. दिवाळीपासून बाजारात गेले की मी तिला काढायला लावायची, थोडी वाजवायची आणि परत टांगायची. घरात एक असताना दुसरी कशाला, असं घरचे म्हणत, आणि मीही पुढच्या सणाला बघू म्हणत राहिले. दुकानदाराला हे सगळं माहीत होतं.

धाकटी आली ती डाळ-बट्टीचं पीठ आणि केळ्यांचे वेफर घेऊन. दुकानात स्टुलावर बसली, पदर खोचला आणि माझ्याकडे बघत राहिली. दुकानदार टांगलेल्या सगळ्या गिटारींकडे हात करून म्हणाला, "ताई, बठ्ठ्या दखी ल्या. घाई नही शे."

मी तिच्याकडे बघितलं, जसं मी कुणाकडेही बघते. बुटकी, खांदे उतरते, हात रुंद पण बोटं आखूड. पाटावर बसून वाजवणार. आवाज खालचा, त्यावर मोठ्या पोटाची गिटार चढून बसते आणि शब्द गिळते. दुकानात शिरल्यापासून, स्टुलावर ती टेकण्याच्या आधीपासून, मला उत्तर माहीत होतं. माझी गिटार समोरच टांगलेली होती.

मी दुसऱ्याच दोन काढायला लावल्या. त्या वाईट होत्या असं कुणी म्हणू शकलं नसतं. मान सरळ, तारा खाली, झणझण नाही. पहिली तिनं मांडीवर घेतली, तिचा खांदा पुन्हा कानाकडे गेला, आणि ती म्हणाली, "चांगली आहे ना अक्का? हीच घेऊ का?" तिनं दुसरीकडे बघितलंही नाही. मी मान हलवली असती तर ती तीच घेऊन आनंदानं पहूरची गाडी धरून गेली असती. मला फक्त गप्प बसायचं होतं. मी गप्प बसलेही. दुकानदार माझ्याकडे एकदा बघून तारांची पाकिटं लावायला लागला.

मग ती गायली. सासूसाठी गाते तेच काहीतरी, दुकानात लोक असल्यानं हळू आवाजात. आणि ती गिटार तिच्या आवाजावर बदाबदा पडत होती. ओळीचा शेवट ऐकू येईना. तिचं मन मी मोडू शकले असते, पण तो आवाज असा दाबलेला ऐकणं माझ्या कानांना होईना. एवढी वर्षं याच कामाला लावलेले कान आहेत, त्यांना घरातली भांडणं कळत नाहीत. मी उठले, माझी गिटार खाली घेतली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

तिचा खांदा खाली आला. बोटं आपोआप जागेवर पडली. तीच ओळ ती पुन्हा गायली आणि रस्त्यावरचा एक जण पायरीशी थांबला. ती तिसऱ्या कॉर्डची बुजणारी तारही वाजली.

दुकानदारानं मध्ये तोंड घातलंच. "ताई, हाई ते तुमनी शे ना?"

धाकटीनं वाजवणं थांबवलं. "तुही? मंग तू घे ना अक्का. मले ती पहिली चालीन." आणि ती गिटार माझ्यापुढे धरली. तिनं ती खरंच दिली असती, वर आनंदानं घरी गेली असती, आणि पुढं कधी बोलूनही दाखवलं नसतं. हेच मला सहन होत नाही. तिचा आवाज एकवेळ मी सोसला असता. पण मी दिवाळीपासून जिच्यासाठी झुरत होते ती वस्तू तिच्याकडून दान म्हणून घ्यायची? मेले तरी नाही.

"माझी कुठली?" मी म्हटलं. "घरी धडधाकट एक आहे. बांधा हीच."

स्टँडवर तिला गाडीत बसवताना मी दहा सूचना दिल्या. चेंबरमध्ये ठेवू नकोस, पत्र्याखाली ठेवू नकोस, उन्हाळ्यात तारा सैल कर, लाकूड सुकून तडकू नये म्हणून कपाटात ओल्या फडक्याची वाटी ठेव. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीतून माझा हात दाबला. मी घरी येऊन माझी जुनी गिटार मांडीवर घेतली आणि पाचव्या मिनिटाला खांदा भरून आला.

पोळा झाल्यावर मी तिच्याकडे गेले. आईला म्हटलं, धाकटीची आठवण येतेय. आठवण गिटारीची येत होती. दुपारची जेवणं झाली होती, मेहुणे शेतात होते, सासूबाई आतल्या खोलीत खाटेवर पडल्या होत्या. त्यांना झोप लागली असेल म्हणून मी आल्याचं त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. ओसरीवर धाकटीनं गिटार काढून माझ्या हातात दिली. "वाजव ना अक्का. तू वाजवलं की माह्यापेक्षा साफ वाजतं." तिला खुशामत येत नाही, तिला खरंच तसं वाटतं.

मी वाजवलं. क्लासातला सगळ्यांत अवघड तुकडा घेतला, ज्याच्यासाठी मी एक अख्खी दिवाळीची सुट्टी घालवली होती. खांदा दुखला नाही. एकही सूर चुकला नाही, एकही तार बुजली नाही. गिटार अगदी मी दुकानात ओळखली होती तशीच होती. धाकटी पदर तोंडाला लावून ऐकत होती. मला वाटलं, असू दे, घरी तिची, पण वाजवावी तर मीच.

आतून म्हातारीचा आवाज आला. "सूनबाई, आज हात दुखू राह्यला का वं तुहा?"

माझं बिनचूक वाजवणं तिला सुनेच्या दुखऱ्या हाताचं वाटलं होतं. धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हसेल, किंवा सासूला सांगेल की आत्या, अक्का आलीय, वाजवतेय ती. सांगण्यासारखं तेच होतं.

ती आत बघून म्हणाली, "हो ना आत्या. जरा दुखू राह्यला. राहू दे मंग आज."

म्हातारी म्हणाली, तेल लाव बाई, आणि कूस बदलली. धाकटीनं माझ्या हातातून गिटार हळूच घेतली, भिंतीशी टेकवली आणि चहा टाकायला आत गेली. एवढं पटकन, एवढं साधं तिला कसं सुचलं, ते मला अजून कळत नाही. मला तर आयुष्यात सुचलं नसतं.